नव्या नृत्यरचनेची तालीम बघायला बोलावलंय? पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी

तुम्ही बरीच वर्षं नाचताय, स्वतःचा क्लास आहे किंवा एखाद्या ग्रुपमध्ये काम केलंय. एक दिवस व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज येतो: “ताई, नवीन काम बसवतेय. रविवारी रन आहे. येऊन बघाल का? आणि जरा सांगाल का?” रन म्हणजे सगळं काम एकदा सलग करून बघणं. तुम्ही हो म्हणता. हे ‘जरा सांगणं’ कसं करायचं असतं, ते आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं. गुरूंनी आपल्याला नाचायला शिकवलं, बसवायला शिकवलं, पण दुसऱ्याचं अर्धवट काम बघून त्याच्या उपयोगाचं बोलायचं कसं, हे बहुतेक जण धडपडतच शिकतात.

मी पुण्यात कथक करते, शिकवते, आणि आता बऱ्याचदा अशी बोलावणी येतात. त्यामुळे उदाहरणं कथकची जास्त असतील. भरतनाट्यम, ओडिसी, कंटेम्पररी किंवा लावणी करणाऱ्यांनाही बहुतेक सगळं लागू पडेल.

१. कशासाठी बोलावलंय, ते आधी विचारून घ्या

परीक्षक म्हणून स्पर्धेला जाणं वेगळं. तिथे तक्ता असतो, ताल-लय, अभिनय, वेशभूषा असे रकाने असतात, तुम्ही आकडे भरता आणि घरी येता. समीक्षक म्हणून वर्तमानपत्रात लिहिणं आणखी वेगळं, कारण ते प्रेक्षकांसाठी असतं. नृत्यसमीक्षक सुब्बुडूंच्या लेखणीचा नर्तकांना धाक असे, पण ते तयार प्रयोग बघून लिहीत. तालमीच्या हॉलमध्ये तुमच्यासमोर असतं ते घडत असलेलं काम, आणि तुमचं बोलणं ऐकणार असतो फक्त ते बसवणारा माणूस. परीक्षकाची सवय घेऊन तिथे गेलात तर पहिल्या पाच मिनिटांतच मनात गुण पडायला लागतात.

म्हणून फोनवरच तीन गोष्टी विचारा. काम कुठल्या टप्प्यावर आहे? प्रयोग कधी आहे? तुला नेमकं कशाबद्दल ऐकायचंय? प्रयोग चार दिवसांवर असेल तर मांडणी बदलायला सांगण्यात अर्थ नाही. तेव्हा प्रवेश, प्रकाश, ध्वनी, मुलींचा दम एवढ्यावरच बोला. प्रयोग दोन महिन्यांवर असेल तर खोलात जाता येतं. “काहीही सांगा, तुम्हाला जे वाटेल ते” असं उत्तर आलं, तर एक तरी प्रश्न लिहून पाठवायला सांगा. बसवणाऱ्यालाही त्या निमित्ताने स्वतःचं काम जरा लांबून बघावं लागतं.

२. गुरूंना माहीत आहे का?

हा प्रश्न अवघड वाटतो, पण विचारल्याशिवाय जाऊ नका. आपल्याकडे नृत्य अजूनही गुरूच्या घरातून येतं. दुसऱ्या गुरूंची शिष्या तुम्हाला काम दाखवते आहे हे त्यांना तिसऱ्याच कुणाकडून कळलं, की त्याचा अर्थ वेगळा लागतो आणि भोगावं लागतं त्या मुलीला. मी सरळ विचारते, “तुझ्या ताईंना सांगितलंयस ना?” नसेल सांगितलं, तर आधी सांगून ये म्हणते. बहुतेक गुरूंना काही अडचण नसते.

याच्याशी जोडलेला दुसरा सापळा घराण्याचा. तुम्ही लखनौ अंगाचं शिकलात आणि समोर जयपूर अंगाचं काम चाललंय, तर “हस्तक (हातांच्या हालचाली) जरा मोकळे हवेत, नजाकत कमी आहे” हे तुमच्या तोंडून सहज येईल. हे मत तुमच्या तालमीचं आहे, त्या रचनेशी त्याचा संबंध नाही. तेच लावणीचं. ढोलकीच्या फडावर घडलेल्या बाईच्या रचनेत शास्त्रीय नृत्याची रेषा शोधत बसू नका. रचनेने स्वतःसाठी कुठले नियम ठरवलेत ते ओळखायचं आणि ती ते पाळते का, एवढंच बघायचं.

३. जाण्याआधी हे मागवून घ्या

- एका पानाचं टिपण: विषय काय, किती जणी, किती मिनिटं, कुठला ताल, आत्ता काय अपुरं आहे. मराठीत, साध्या भाषेत. मोठमोठे शब्द असले की मी परत पाठवते.
- संगीताचा तपशील: प्रत्यक्ष वाजणार की रेकॉर्ड केलेलं, बंदिश कुठली, आवाज कुणाचा.
- आधीच्या तालमीचा मोबाइलवरचा सलग व्हिडिओ, समोरून, कापाकापी न करता. रील नको.
- प्रयोगाच्या जागेचं माप. पुण्यातल्या छोट्या सुदर्शन रंगमंचावर बसणारी रचना बालगंधर्वच्या मोठ्या रंगमंचावर पसरट दिसू शकते. उलट केलं तर मुली एकमेकींवर आदळतात. हॉलमध्ये जमिनीवर चिकटपट्टी लावून रंगमंचाची हद्द आखायला सांगा.

तुमच्यासोबत वही आणि पेन्सिल असू दे. मोबाइलवर टिपणं घेऊ नका. नाचणाऱ्या मुलींना वाटतं बाई मेसेज बघतायत.

व्हिडिओ मागवा म्हटलं, पण तो बघून मत बनवू नका. कॅमेरा तत्कार, म्हणजे पायांचं काम, सपाट करतो आणि खोलीतलं अंतर खाऊन टाकतो. तो फक्त तयारीसाठी.

४. बघताना

पहिला रन सलग बघा, मध्ये थांबवू नका, तोंडावर काही दिसू देऊ नका. सम (तालाची पहिली मात्रा) चुकली तरी मान हलवू नका, आणि कथकवाल्यांना हे किती अवघड जातं ते मला माहीत आहे. वहीत वेळ लिहून फक्त दिसलेलं टिपा. मत लिहू नका.

समजा, गावात पाण्याचा टँकर येतो यावर पाच जणींची चौदा मिनिटांची रचना आहे. वही अशी दिसेल: “२:१०, पाचही जणी एका रांगेत, घागर डोक्यावर, लय विलंबित. ४:३०, रांग मोडते, चक्करं सुरू. ६:००, चौथी मुलगी मागे वळून बघते, बाकीच्या नाही. ९:०० ते ११:००, तिहाया तीन, सगळ्या समेवर समोर तोंड करून.” (तिहाई म्हणजे एकच तुकडा तीनदा करून समेवर येणं.) शेजारी ‘लांबलं’, ‘छान’, ‘कंटाळा’ असलं काही नको. मत नंतर आठवतं, दिसलेलं विसरतं.

दुसरा रन मिळाला तर जागा बदला. एकदा विंगेच्या बाजूने बघा. समूहरचनेत कोण कुणाच्या श्वासावर चाललंय, कोण मोजून चाललंय, हे बाजूने लगेच कळतं. कथकमध्ये समूहाला रचनेचं अंग म्हणून गंभीरपणे घडवणाऱ्यांत अहमदाबादच्या कुमुदिनी लाखिया आघाडीच्या. त्यांच्या कामात मुलींमधली रिकामी जागाही रचलेली असे. आपल्याकडे अजून कित्येक ‘समूह’ म्हणजे एकच तुकडा पाच जणींनी एकत्र नाचणं असतं. ते तसं असेल तर तेही टिपा.

५. बोलताना

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. दोन टोकं असतात. एक, “खूप मेहनत दिसते, असंच करत राहा”, म्हणजे काहीच न सांगणं. दुसरं, उठून उभं राहणं आणि “हे बघ, मी असते तर असं केलं असतं” म्हणत स्वतःच नाचून दाखवणं. दुसरं जास्त घातक, कारण ज्येष्ठ माणसाने नाचून दाखवलं की धाकटी ते घेतेच. पुढच्या महिन्यात तुम्ही प्रयोग बघता तेव्हा मधली तीन मिनिटं तुमची असतात आणि बाकीचं काम त्यांच्याशी भांडत असतं.

मला उपयोगी पडलेली पद्धत अमेरिकन नृत्यरचनाकार लिझ लर्मन यांची आहे. १९९० च्या सुमारास त्यांनी ती घडवली, आणि आज नृत्याबाहेरही अनेक ठिकाणी वापरतात. तिच्यात बघणारे, बसवणारा आणि मध्ये बोलणं सांभाळणारा असे तिघे असतात. पायऱ्या चार.

पहिली पायरी: काय पोचलं ते सांगा. नुसतं कौतुक नको, सल्ला नको, फक्त कामातलं काय भिडलं, लक्षात राहिलं, अर्थपूर्ण वाटलं. “चौथी मुलगी वळून बघते तिथे मला पहिल्यांदा वाटलं की रांगेबाहेर कुणीतरी आहे.” यासाठीच वहीत वेळ लिहिलेली असते.

दुसरी: आता बसवणारा विचारतो, तुम्ही उत्तर देता. “ताई, तिहायांचा भाग तुटतोय का?” असं तिने विचारलं तर मग स्पष्ट सांगा. इथे गोड बोलायची गरज नाही, तिने स्वतः विचारलंय. पण विचारलं तेवढ्याचंच उत्तर द्या. तिहायांबद्दल विचारलं असताना घागऱ्याच्या रंगावर जाऊ नका.

तिसरी: तुम्ही विचारता, पण प्रश्नात मत लपवायचं नाही. ही पायरी आपल्या लोकांना सर्वांत जड जाते. “शेवट एवढा अंधारात का केलास?” हा प्रश्न नाही, तक्रार आहे. “शेवटी प्रकाश कमी होतो तेव्हा प्रेक्षकाने काय बघावं असं तुझ्या मनात होतं?” हा प्रश्न. “इतक्या तिहाया कशाला?” ऐवजी “या तीन तिहायांमध्ये गोष्टीत काय बदलतं?” कदाचित ती म्हणेल, “काहीच नाही, पण टाळी येते.” तिचं तिलाच कळलं. तुम्हाला बोलावंच लागलं नाही.

चौथी: मत, पण परवानगी घेऊन. “तिहायांच्या भागाबद्दल माझं एक मत आहे, ऐकायचंय का?” ती “आत्ता नको” म्हणाली तर गप्प बसायचं. आपल्याकडे धाकटं माणूस ज्येष्ठांना नको म्हणत नाही, त्यामुळे ही परवानगी नुसती नावापुरती राहू शकते. म्हणून मी आधीच सांगून ठेवते, “नको म्हणालीस तर मला राग येणार नाही,” आणि कुणी खरंच नको म्हणालं की विषय तिथेच सोडते. दोन-तीनदा तसं घडल्यावर पोरी मोकळेपणाने नको म्हणायला लागतात.

ही पद्धत जशीच्या तशी पाळलीच पाहिजे असं नाही. रात्री साडेनऊला हॉल रिकामा करायचाय आणि वॉचमन किल्ली घेऊन उभा आहे, अशा वेळी चार पायऱ्या कोण करणार? तेव्हा निदान पहिल्या दोन तरी करा.

आणखी एक. नाचणाऱ्या मुलींसमोर बसवणारीच्या निर्णयांवर बोलू नका. मुलींना पाणी प्यायला पाठवा आणि मग बोला. उद्या सकाळी त्याच मुलींकडून तिला काम करून घ्यायचंय.

६. एकट्याने बघू नका

नाट्यशास्त्रात सिद्धींविषयीच्या, म्हणजे प्रयोगाच्या यशाविषयीच्या, अध्यायात प्रयोगाचं परीक्षण करणाऱ्या प्राश्निकांची यादी येते. त्यात नर्तक आहे, संगीत जाणणारा आहे, छंद आणि व्याकरण जाणणारे आहेत, चित्रकार आहे, धनुर्विद्या जाणणारा आहे, वेश्या आहे, राजसेवकही आहे. ज्याला ज्यातलं कळतं त्याने त्याबद्दल बोलायचं: धनुर्धराने उभं राहण्याच्या सौष्ठवाबद्दल, चित्रकाराने वेशभूषेबद्दल. आपल्या परंपरेत अशी सोय लिहून ठेवलेली असताना आपण मात्र कथकचं काम फक्त कथकवाल्यांना दाखवतो.

जमेल तेव्हा सोबत एक प्रकाशयोजना करणारा, एक तबलजी किंवा नाटकातलं कुणीतरी न्या. टँकरच्या रचनेसाठी जिने खरंच टँकरच्या रांगेत उभं राहून पाणी भरलंय अशी बाई मिळाली तर उत्तमच. तिच्याकडून तुम्हाला कळेल की घागर भरल्यावर चाल बदलते, आणि पाचही जणी रिकाम्या घागरीच्या चालीने चालतायत.

एकमेकांचं काम बघण्याचे मोठे प्रयत्न आपल्याकडे झालेत. १९८४ साली मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्रात ‘ईस्ट-वेस्ट डान्स एन्काउंटर’ भरला होता. भारतातले आणि युरोपातले नृत्यकार तिथे एकमेकांचं काम बघत, त्यावर बोलत. दिल्लीत २००७ मध्ये सुरू झालेल्या गती डान्स फोरमच्या उन्हाळी रेसिडेन्सीत तरुण रचनाकारांसोबत मेंटर असत. तेवढं मोठं नसलं तरी चालेल. महिन्यातून एका रविवारी कुणाच्या तरी क्लासच्या हॉलमध्ये दोन अपुरी कामं, आठ-दहा बघणारे आणि चहा एवढ्यावर भागतं.

७. लिहून द्या, पण अर्धं पानच

दोन-तीन दिवसांत अर्ध्या पानाचं टिपण पाठवा. तारीख, काय बघितलं, कुठल्या प्रश्नांवर बोलणं झालं, तिने स्वतः पुढे काय ठरवलं. हे टिपण तुमच्या मतांची यादी होऊ देऊ नका. ते कुठल्या ग्रुपवर टाकू नका आणि रनचा फोटोही विचारल्याशिवाय स्टेटसला ठेवू नका.

८. पाठबळ म्हणजे नेमकं काय द्यायचं

“काही लागलं तर सांग” याने काही होत नाही. देण्यासारख्या गोष्टी ठरलेल्या आहेत.

हॉल. पुण्या-मुंबईत नव्या माणसाची सगळ्यात मोठी अडचण तालमीची जागा. तुमचा क्लास दुपारी रिकामा असतो, त्या दोन तासांची किल्ली द्या. वीजबिलाचं काय ते आधीच बोलून घ्या, नंतर कुरबुर नको.

ओळख. प्रकाशयोजनाकार, ध्वनी सांभाळणारा, वेशभूषा शिवणारे काका, यांचे नंबर त्यांना विचारून द्या. प्रकाशाची टेक, म्हणजे तांत्रिक तालीम, ही काय भानगड असते आणि तिला वेळ का राखून ठेवावा लागतो, हे पहिल्या प्रयोगाआधी कुणीतरी सांगावं लागतं.

पैसे मिळवण्याची वाट. बऱ्याच जणांना या योजना माहीतच नसतात. केंद्रीय संस्कृती मंत्रालयाची १८ ते २५ वयाच्या तरुण कलाकारांसाठी शिष्यवृत्ती आहे, दोन वर्षं दरमहा ५,००० रुपये. त्यापुढे २५ ते ४० वयासाठी कनिष्ठ फेलोशिप, दरमहा १०,००० रुपये, आणि चाळिशीनंतर ज्येष्ठ फेलोशिप, दरमहा २०,००० रुपये. याही दोन वर्षांच्या. जाहिरात येईल तेव्हा त्या वर्षीच्या अटी नीट वाचायला सांगा. बंगळुरूची इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स कलाप्रकल्पांना अनुदान देते आणि अर्ज भारतीय भाषांमध्ये लिहिता येतो, म्हणजे मराठीतही. ही गोष्ट मी प्रत्येकाला सांगते, कारण इंग्रजीच्या धास्तीने कितीतरी चांगली माणसं अर्जच करत नाहीत. विभागीय सांस्कृतिक केंद्रांकडेही बघायला सांगा: नागपूरचं दक्षिण मध्य क्षेत्र आणि उदयपूरचं पश्चिम क्षेत्र. दोन्हींमध्ये महाराष्ट्र येतो, गोवा पश्चिम क्षेत्रात.

शिफारसपत्र मागितलं तर ‘गुणी, कष्टाळू, होतकरू’ असं लिहू नका. निवड समितीवर बसलेल्यांनी ते शब्द शेकडो पत्रांत वाचलेले असतात. तुम्ही काय बघितलंत ते लिहा: “मी या रचनेचे दोन रन पाहिले. पहिल्यात समूह एकाच रांगेत होता. दुसऱ्यात रचनाकाराने रांग मोडण्याचा क्षण तालातल्या ‘खाली’च्या (रिकाम्या) मात्रेवर आणला, त्यामुळे गोष्ट बदलली.” असं लिहायला बसलात की तारखांसकट भरलेल्या वहीचा उपयोग कळतो. आणि काम बघितलेलं नसेल तर पत्र देऊ नका, ओळखीच्या घरची मुलगी असली तरी.

९. संगीत आणि हक्क यांकडे लक्ष वेधा

नव्या रचनाकारांचं याकडे हमखास दुर्लक्ष होतं, म्हणून तुम्ही विचारा. चित्रपटातलं किंवा अल्बममधलं रेकॉर्डिंग सभागृहात वाजवायचं तर परवाने लागू शकतात. शब्द-चालीच्या हक्कांसाठी आयपीआरएस आणि ध्वनिमुद्रणाच्या हक्कांसाठी बहुधा पीपीएल, अशी दोन वेगळ्या संस्थांची दारं आहेत. पारंपरिक बंदिश कुणाच्या मालकीची नसते, पण तिचं कुणीतरी केलेलं रेकॉर्डिंग असतं. तबला-सारंगीचा ट्रॅक स्वतः करून घेतला असेल, तर कितीदा आणि कुठे वापरायचा, मानधन किती, हे वादकांशी एका कागदावर लिहून सह्या घ्याव्यात.

रचनेचंही तेच. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात नृत्यरचना ‘नाट्यकृती’च्या व्याख्येत येते, मात्र ती लेखनात किंवा अन्य प्रकारे पक्की केलेली असावी लागते, आणि त्याच व्याख्येतून चित्रपट वगळलेला आहे. म्हणून नुसत्या व्हिडिओवर विसंबू नका, कागदावरही उतरवायला सांगा. बोल ताललिपीत लिहा, रंगमंचावरच्या जागांच्या आकृत्या काढा, प्रत्येक पानावर तारीख घाला. नोंदणी सक्तीची नाही. बोलांची वही आपल्याकडे प्रत्येक जण ठेवतोच, फक्त तिच्यात समूहाच्या हालचाली कुणी लिहीत नाही.

१०. मानधन, नाव आणि पुढची तारीख

मानधनाचं आधी बोला. नवीन मुलीकडून पैसे घ्यायचे नसतील तर तसं स्पष्ट सांगा, म्हणजे तिला अवघडल्यासारखं होणार नाही. संस्था बोलावत असेल तर मानधन आणि प्रवासखर्च जरूर मागा. फुकट बघणारे मिळतात असं एकदा ठरलं की पुढच्या बघणाऱ्याचीही तीच गत होते.

कार्यक्रमपत्रिकेत तुमचं नाव ‘मार्गदर्शन’ म्हणून छापू देऊ नका, तुम्ही मार्गदर्शन केलेलं नाही. फार तर आभारांत. तिच्या गुरूंचं नाव आहे ना, तेही बघून घ्या.

आणि निघण्याआधी दुसऱ्या रनची तारीख ठरवा. साधारण तीन ते चार आठवडे मध्ये जाऊ द्या. त्याआधी गेलात तर काही बदललेलं नसतं, फार उशीर केलात तर वेशभूषा शिवून झालेली असते आणि तिच्यावर पैसे खर्च झालेले असतात. दुसऱ्यांदा जाताना जुनी वही सोबत घ्या, पण रन संपेपर्यंत उघडू नका.